'रिप्लेस ऑल' दाबण्याआधी 'मॅच केस' बघा

ग्राहकाकडून दुरुस्त होऊन आमच्याकडे आलेल्या फाइलमध्ये 'सरावंपाक' किंवा 'स्रावंपाक' दिसला की काय झाले ते आम्हाला कळते. 'सवय'च्या जागी 'सराव' हवा होता, 'रिप्लेस ऑल' (सगळीकडे एकदम बदल) दाबले आणि सगळे स्वयंपाक नासले.

कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी मराठी नसतेच. असतात ती इंग्रजी अक्षरे; फॉन्ट त्यांना फक्त मराठी रूप देतो. स्मॉल एल म्हणजे पूर्ण स, कॅपिटल एल म्हणजे अर्धा. 'मॅच केस' (कॅपिटल-स्मॉल वेगळे धरण्याची सोय) बंद असेल तर 'सवय' आणि 'स्वय' संगणकाला एकच. वर्डचा आगाऊपणा वेगळाच: सापडलेल्या शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल असेल तर तो नव्या शब्दाचेही तसेच करतो. इंग्रजीत ही सोय. कृतीदेवमध्ये 'सराव'चा 'स्राव'. 'फाइंड होल वर्ड्स ओन्ली' (फक्त पूर्ण शब्द शोधा) या सोयीवरही इथे विसंबू नका. य हा सेमिकोलनच्या जागी बसलेला असतो आणि सेमिकोलन म्हणजे संगणकाला शब्द संपल्याची खूण.

वर्डमध्ये कंट्रोल-एच, मग 'मोअर', मग 'मॅच केस'वर टिक. पहिले आठ-दहा बदल 'फाइंड नेक्स्ट'ने एकेक करून पाहा, कारण टिक असली तरी 'सवयीने'चे 'सरावीने' होतेच; विभक्ती आपल्यालाच सांभाळावी लागते. बिघडलेच तर लगेच कंट्रोल-झेड. फाइल सेव्ह करून बंद केली की तो रस्ता संपला.

युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे मराठी अक्षरे संगणकालाही मराठीच असतात तिथे, हा घोटाळा नाही. तिथे पाय मोडल्याची खूण स्वतंत्र अक्षर म्हणून मध्ये येते. मजकुरात इंग्रजी असेल तर मात्र जपा: कॅपिटलमधले 'आयटी' बदलायला जाल तर 'विथ' आणि 'आयटम' यांच्या पोटातली तीच दोन अक्षरेही बदलतील. तिथे 'मॅच केस' आणि 'फाइंड होल वर्ड्स ओन्ली' या दोन्ही टिक हव्यात.

बदलांपूर्वीची प्रत आम्ही आग्रहाने मागतो, ते काहींना जाचक वाटते. पण 'सरावंपाक' निदान डोळ्यांत खुपतो; साधा 'सराव' मुळातला की बदललेला, हे जुन्या प्रतीशिवाय कसे ओळखणार? मग सगळा मजकूर पुन्हा वाचावा लागतो आणि तो वेळ बिलात लागतो. त्यापेक्षा जुना शब्द आणि नवा शब्द असे दोन रकाने लिहून द्या. अक्षरजुळणी आमच्याकडे असेल तर ते बदल करून देण्याचे वेगळे पैसे नाहीत. कृतीदेवमधली फाइल युनिकोडमध्ये करून हवी असेल तर तेही काम दुरुस्त्यांआधी सांगा, नंतर नको.