रिकाम्या झाडाखाली कुत्रा खोटं का भुंकतो?

रात्रीचे अकरा वाजून गेले होते. अमेरिकेतल्या केंटकीच्या टेकड्यांमधली नोव्हेंबरची रात्र, पानगळ झालेली, जमिनीला ओल, वारा जवळजवळ नाहीच. माझा शेजारी कानामागे हात धरून उभा होता. खाली ओढ्याच्या काठाने त्याची म्हातारी कुत्री माग काढत चालली होती, आणि तिचा लांबच लांब हेल दरीतून घुमत वर येत होता. मध्येच तो हेल तुटला. त्याच्या जागी आखूड, ठोके पडावेत तसं भुंकणं सुरू झालं, एका जागेवरून, न थांबता. ‘झाड धरलं तिनं,’ शेजारी म्हणाला. काही क्षणांनी दुसरा, कोवळा आवाज त्यात मिसळला. तो दहा महिन्यांच्या पिल्लाचा होता.

आम्ही धापा टाकत पोचलो. म्हातारी ओकच्या बुंध्यावर पुढचे दोन्ही पाय टेकून, मान सरळ वर करून भुंकत होती. पिल्लूही तितक्याच जोरात भुंकत होतं, पण त्याचं तोंड झाडाकडे नव्हतं. ते आमच्याकडे बघून भुंकत होतं.

मी कौतुकाने हात पुढे केला, तर शेजाऱ्याने माझं मनगट धरलं. ‘आत्ता नको. त्याला काय शिकवतोयस ते आधी ठरव.’ त्या वाक्याने मला बरंच वाचायला लावलं.

हे कुत्रे कूनहाऊंड, म्हणजे रकूनचा माग काढणारे शिकारी कुत्रे. अमेरिकेतला रकून हा निशाचर प्राणी, तोंडावर काळा मुखवटा, शेपटीला कडी, आणि पुढचे पंजे माणसाच्या हातांसारखे चपळ. पाठलाग झाला की तो झाडावर चढतो. युरोपातून आलेल्या शिकारी कुत्र्यांना हे नवीन होतं. जॉर्ज वॉशिंग्टन यांना फ्रेंच सेनानी लाफायेत यांनी १७८५ साली फ्रान्सहून हाऊंड पाठवले होते. अशा कुत्र्यांच्या पिढ्यान्पिढ्या जमिनीवरून पळणाऱ्या प्राण्यांमागे धावण्यात गेलेल्या. माग झाडाशी संपला की त्यांची पंचाईत व्हायची. म्हणून बुंध्याशी थांबून, मालक येईपर्यंत भुंकत राहणाऱ्या कुत्र्यांचीच पैदास लोकांनी पुढे वाढवली. त्यातून ब्लॅक अँड टॅन, रेडबोन, ब्लूटिक, इंग्लिश, ट्रीइंग वॉकर आणि प्लॉट अशा सहा जाती स्थिरावल्या. प्लॉटचे पूर्वज तर १७५० च्या सुमारास जर्मनीहून आले असं सांगतात, आणि १९८९ पासून तो नॉर्थ कॅरोलिनाचा राज्य-श्वान आहे. आपल्याकडचा कारवान कुत्रा डोळ्यांनी सावज धरतो आणि पायांनी गाठतो. कूनहाऊंडचं सारं नाकावर आणि गळ्यावर.

नाक काय करतं, ते आधी बघू. नॉर्वेतल्या शास्त्रज्ञांनी १९९३ साली माग काढणाऱ्या कुत्र्यांचा श्वास यंत्राने टिपला. माग शोधताना कुत्रा सेकंदाला साधारण सहा वेळा हुंगतो. माग सापडला की त्याची चाल मंदावते, आणि तीन ते पाच सेकंदांत तो ठरवतो, प्राणी इकडून तिकडे गेला की तिकडून इकडे. पुढे २००५ मध्ये बेलफास्टच्या संशोधकांनी दाखवलं की दिशा ओळखायला लागोपाठच्या पाच पावलांचे ठसे पुरेसे असतात. दोन ठशांमध्ये सेकंदा-दोन सेकंदांचं अंतर, आणि तेवढ्यात वासात पडलेला फरक त्याला कळतो. मला हे आजही अद्भुत वाटतं.

पण बुंध्याशी आल्यावर प्रश्न वेगळा होतो. माग आडवा होता तो उभा झाला. रकून वर आहे, की वर चढून शेजारच्या फांदीवरून दुसऱ्या झाडावर गेला? की मागच्या बाजूने खाली उतरून केव्हाच ओढा पार करून गेला? (रकून मागचे पंजे पार उलटे फिरवू शकतो, त्यामुळे डोकं खाली करून झपाझप उतरतो.) रात्री गार झालेली हवा जड होऊन खाली बसते, वास बुंध्याभोवती साचतो, उताराने दुसऱ्याच झाडाकडेही वाहतो. जाणता कुत्रा म्हणून लगेच भुंकत नाही. झाडाला एक फेरी मारतो. पलीकडे खाली उतरल्याचा माग नाही ना, याची खात्री करतो. मग पाय टेकून साल हुंगतो आणि तोंड उघडतो.

पिल्लू यातलं काहीच करत नाही, आणि मुद्दा इथेच आहे. भुंकायची ओढ त्याच्या रक्तातच असते, ती शिकवावी लागत नाही. कधी भुंकायचं नाही, ते शिकावं लागतं. आणि ते शिकण्यात सगळ्यात मोठा अडथळा माणूसच असतो.

मानसशास्त्रात संकेत ओळखण्याचा एक सिद्धान्त आहे. रडारच्या पडद्यावर विमान आहे की नुसता गोंगाट, या प्रश्नातून १९५० च्या दशकात तो आकाराला आला. वस्तू खरोखर असते किंवा नसते. बघणारा ‘आहे’ म्हणतो किंवा ‘नाही’ म्हणतो. चार शक्यता झाल्या. त्यातल्या दोन बरोबर आणि दोन चुका: असून न दिसणं, आणि नसताना ‘आहे’ म्हणणं. बघणाऱ्याची नजर कितीही तीक्ष्ण असो, तो ‘आहे’ म्हणायला किती चटकन तयार होतो हे नजरेवर ठरत नाही. कुठल्या उत्तराला काय मिळतं, त्यावर ठरतं. खोट्या ‘आहे’लाही तीच शाबासकी मिळाली, तर ‘नाही’ म्हणण्यात काहीच फायदा उरत नाही.

आता ते पिल्लू बघा. म्हातारी भुंकली, म्हणून ते भुंकलं. अंधारातून दिवे आले, माणसं आली, लाड झाले. त्याच्या हिशेबात रकून आलाच कुठे? झाड, आवाज आणि शाबासकी, एवढाच धडा. असे चार-पाच प्रसंग झाले की ते कुठल्याही जाड बुंध्याशी उभं राहून बोंबलायला लागतं. एकाचं ऐकून भुंकणाऱ्या अशा कुत्र्यांना आपण सरळ होयबा म्हणावं. कळपातल्या प्राण्यांमध्ये ही वृत्ती नैसर्गिकच आहे, एकाची कृती दुसऱ्यात तीच कृती जागी करते. पण ती पक्की करणारे आपण.

कॅलिफोर्नियातला २०११ चा एक प्रयोग मला या बाबतीत फार बोलका वाटतो. अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्यांच्या १८ जोड्या, म्हणजे कुत्रा आणि त्याला हाताळणारा माणूस, एका चर्चमध्ये नेल्या. माणसांना सांगितलं होतं की आत वास लपवलेला असेल, आणि काही ठिकाणी त्याची खूण म्हणून लाल कागद लावलाय. प्रत्यक्षात वास कुठेच ठेवलेला नव्हता. १४४ शोधांपैकी एकही खोटा इशारा न नोंदवलेले शोध निघाले फक्त २१. बाकी सगळ्यांत माणसांनी ‘कुत्र्याने दाखवलं’ असं सांगितलं, आणि त्यातले बरेच इशारे माणसाला कागद दिसत होता तिथलेच होते. कुत्र्याने माणसाचं अंग वाचलं असेल, किंवा माणसाने कुत्र्याच्या हालचालीत हवं ते वाचलं असेल. दोन्ही प्रकारांत नाक बाजूला राहिलं.

म्हणून शेजाऱ्याची पद्धत अशी. झाडाशी पोचल्यावर पहिली काही मिनिटं तो बोलत नाही, कुत्र्यांकडे बघतसुद्धा नाही. दिवा फांद्यांमधून फिरवतो. रकूनच्या डोळ्यांमागे प्रकाश परत फेकणारा थर असतो, गायीच्या किंवा मांजराच्या डोळ्यांत असतो तसाच, त्यामुळे दोन ठिपके चमकतात. ते दिसले की मगच तो पिल्लाजवळ जातो, आणि तेही पिल्लाची मान वर असताना. आमच्याकडे बघून भुंकत असताना कधीच नाही. त्या रात्री आम्ही तसेच उभे राहिलो. पिल्लाने दोन-तीन मिनिटं आमच्याकडे बघून गळा मोकळा केला, कुणी दाद दिली नाही, मग ते गोंधळून गप्प झालं. म्हातारीच्या शेजारी जाऊन त्याने साल हुंगली. मान वर गेली. भुंकण्याचा सूरच पालटला. तेव्हा कुठे शेजाऱ्याचा हात त्याच्या छातीवर फिरला.

झाड रिकामं निघालं तर? दोरी लावायची आणि मुकाट्याने निघायचं. ओरडणं नाही, मारणं तर नाहीच. उन्हाळ्यात पानांच्या गर्दीत रकून असूनही दिसत नाही, पोकळ खोडात शिरला तरी दिसत नाही. म्हणून पिल्लाचे सुरुवातीचे धडे पानगळीनंतर, जिथे उत्तर तपासता येतं तिथे द्यावेत. एकदा पाया पक्का झाला की अधूनमधून बक्षीस हुकल्याने काही बिघडत नाही. दर वेळी मिळणारं बक्षीस बंद झालं की सवय लवकर सुटते, कधी मिळतं कधी नाही अशी सवय चिवट होते. तासभर एका झाडाशी टिकून राहणारा कुत्रा याच चिवटपणातून घडतो.

गळ्यातल्या विजेच्या पट्ट्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे, झाडाशी तो वापरू नये. जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये बीगल कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. नकली सावजाला तोंड लावलं त्याच क्षणी झटका मिळालेल्या कुत्र्यांच्या लाळेत ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसोल, फारसं वाढलं नाही, कारण कशामुळे दुखलं ते त्यांना कळलं होतं. ज्यांना झटका केव्हा बसेल याचा पत्ताच नव्हता, त्यांचा ताण सगळ्यात जास्त वाढला. आता झाडाखालची गर्दी आठवा. साल, वास, दुसरा कुत्रा, दिवे, मालक. झटका आपण खोट्या भुंकण्याला दिलेला असतो, पिल्लू तो झाडाला जोडू शकतं, शेजारच्या कुत्र्यालाही जोडू शकतं. पहिल्या प्रकारात ते झाड सोडून पळायला शिकतं. दुसऱ्यात ते चावायला शिकतं.

झाडाखालची भांडणं हा वेगळाच जाच. दोन तापलेले कुत्रे, समोर गाठता न येणारं सावज, आणि बुंध्याभोवती जागा थोडी. वर पोचू न शकणारा आवेश बाजूच्यावर निघतो. इथे युक्ती साधी आहे: पोचताच दोघांना दोन दिशांना, एकमेकांना तोंड पोचणार नाही एवढ्या अंतरावर बांधायचं, पण दोघांनाही झाड दिसलं पाहिजे. आणि कोवळ्या कुत्र्याला कधीही खुनशी कुत्र्याबरोबर सोडायचं नाही. पिल्लाची एक वाईट रात्र वर्षभर भोवते.

शेजारी बंदूक नेत नाही. कूनहाऊंडच्या रात्रीच्या स्पर्धांमध्येही रकूनला मारत नाहीत, माग धरल्याचे आणि झाड धरल्याचे गुण मोजतात, आणि झाड रिकामं ठरलं तर तेवढेच गुण उणे होतात. रकूनपासून कुत्र्याला लांब ठेवण्याला आणखी एक कारण आहे. रकूनच्या चाव्यानंतर एक-दोन आठवड्यांनी काही कुत्र्यांची स्वतःची प्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या मुळांवर हल्ला करते. मागचे पाय लुळे पडतात, मग पुढचे, आवाजही बसतो. माणसांतल्या गियाँ-बारे विकाराशी जवळचं नातं असलेला हा आजार. बहुतेक कुत्रे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. चारही पाय हलत नसताना अशा कुत्र्याची शेपटी मात्र बहुधा हलते, मालक खोलीत आला की.

फेब्रुवारीत आम्ही पिल्लाला एकट्याला सोडलं. म्हातारी घरी होती, म्हणजे कुणाची री ओढायची सोय नव्हती. ओढ्याच्या वळणावर त्याने माग धरला, हेल काढत वर चढलं, आणि एका सिकॅमोरच्या झाडाशी आवाज थांबला. आम्ही दिवे मंद करून लांबच उभे राहिलो. पिल्लाने पाय टेकले, साल हुंगली, मान वर केली. शेजाऱ्याने श्वास रोखला होता. पिल्लू खाली उतरलं, झाडाला पूर्ण फेरी मारली, पाण्याच्या बाजूला नाक टेकवलं, आणि न भुंकता ओढा ओलांडून पलीकडच्या अंधारात निघून गेलं.