कंपनी बुडाली, सायकल शाबूत आहे
इलेक्ट्रिक माउंटन बाइक असणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सायकल बनवणाऱ्या एखाद्या कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली की आमच्या वर्कशॉपमध्ये फोन वाजायला लागतात. पहिला प्रश्न ठरलेला: "आता ही विकून टाकू का?" घाईनं विकू नका. आधी खाली वाका आणि पेडलजवळच्या मोटरवर कुणाचं नाव आहे ते वाचा.

फ्रेमवर ज्या कंपनीचं नाव ठळक अक्षरांत असतं, तिनं सायकलीतलं फार थोडं स्वतः बनवलेलं असतं. गिअर शिमानोचे किंवा स्रॅमचे, फोर्क फॉक्सचा किंवा रॉकशॉक्सचा, टायर मॅक्सिसचे. हे सगळं आजही बाजारात मिळतं. मोटरचंही बहुतेक वेळा तसंच. जर्मनीच्या वायटी इंडस्ट्रीजची दिवाळखोरीची प्रक्रिया जुलै 2025 मध्ये सुरू झाली, पण त्यांच्या बहुतेक डिकॉय सायकलींत बऱ्याच वर्षांपासून शिमानोची मोटर बसवलेली आहे. ती दुरुस्त करायला वायटीची गरज नाही. त्याउलट कॅनडाच्या रॉकी माउंटननं पॉवरप्ले मालिकेत डायनेम ही स्वतःची वेगळी मोटर वापरली, आणि डिसेंबर 2024 मध्ये त्या कंपनीला देणेकऱ्यांपासून न्यायालयाचं संरक्षण मागावं लागलं. अशी मोटर असेल तर सुट्या भागांसाठी दुसरं दार नसतं, म्हणून मिळतील तेव्हाच दोन-चार नाजूक भाग घेऊन ठेवलेले बरे. बॉश, शिमानो, यामाहा किंवा बाफांग असेल तर निम्मी काळजी तिथंच संपली.

बातमी आली त्याच आठवड्यात

मोबाइलमधलं कंपनीचं ॲप काढून टाकू नका, त्यातून लॉगआउटही करू नका. नेदरलँड्सच्या व्हॅनमूफला जुलै 2023 मध्ये न्यायालयानं दिवाळखोर ठरवलं, तेव्हा खरी घबराट झाली ती डिजिटल किल्लीमुळे. सायकलीचं कुलूप ॲपवर आणि ॲपचा भार कंपनीच्या सर्व्हरवर. सर्व्हर बंद पडला तर काय, या भीतीपोटी काउबॉय या प्रतिस्पर्धी कंपनीनं त्याच सुमारास एक छोटं ॲप काढलं आणि ग्राहकांना आपापली किल्ली फोनमध्ये उतरवून घेता आली. व्हॅनमूफच्या सायकली शहरी होत्या, डोंगरातल्या नव्हेत, पण धडा तोच. मॅन्युअल, वायरिंगची चित्रं, सुट्या भागांची यादी असं जे जे कंपनीच्या साइटवर आहे ते उतरवून घ्या. मोटर, बॅटरी, डिस्प्ले आणि चार्जर यांवरच्या लेबलांचे स्पष्ट फोटो काढा. सायकल नीट चालत असेल तर सॉफ्टवेअर अपडेटच्या वाटेला जाऊ नका. अर्ध्यात अडकलं तर सोडवायला पलीकडे कुणी नसेल.

आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. बॅटरीच्या कुलपाच्या किल्लीवर बारीक अक्षरांत क्रमांक कोरलेला असतो. तो लिहून ठेवा. ही कुलपं सहसा आबूस किंवा आक्सासारख्या कुलूपवाल्यांचीच असतात, आणि क्रमांक हाती असेल तर दुसरी किल्ली करून मिळते. नसेल तर पाच मिनिटांच्या कामासाठी कुलूप ड्रिलनं फोडावं लागतं.

बॅटरी: खरा प्रश्न इथेच आहे

36 व्होल्टच्या बॅटरीत सेलचे दहा गट एकापुढे एक जोडलेले असतात. 500 वॉट-अवरच्या बॅटरीत साधारण चाळीस सेल येतात. प्रत्येक सेल बोटाएवढा असतो आणि पूर्ण भरल्यावर 4.2 व्होल्टला जातो. म्हणून अशा बॅटरीच्या चार्जरवर 36 नव्हे, 42 व्होल्ट लिहिलेलं दिसतं, आणि 48 व्होल्टच्या चार्जरवर 54.6. चार्जर बिघडला म्हणून ऑनलाइन स्वस्तातला मागवताना लोक इथेच फसतात. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही.

सायकल महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरून, सायकलीवरून काढून घरातल्या थंड जागी ठेवा. एप्रिल-मे मध्ये गच्चीवरच्या खोलीत किंवा बंद गाडीच्या डिकीत ठेवलेली पूर्ण भरलेली बॅटरी आतून झिजत जाते. पूर्ण रिकामी करून विसरणं त्याहून वाईट. व्होल्टेज फार खाली गेलं की आतलं संरक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, बॅटरी बंद करून टाकतं.

कंपनी गेल्यावर नवी बॅटरी मिळेनाशी होते, तेव्हा जुन्या खोक्यात नवे सेल भरून घेता येतात. पण सरसकट नाही. काही बॅटऱ्यांचं बीएमएस मोटरशी सांकेतिक बोलणं करतं, आणि सेल सोडवताना त्याची वीज तुटली तर कायमचं कुलूप लावून घेतं. म्हणून उघडण्याआधी आम्ही हा धोका सांगतो आणि तुमची लेखी संमती घेतो. सेल बदलायचे तर सगळे बदलतो. "एकच गट खराब आहे, तेवढाच टाका" असा आग्रह कृपया धरू नका. थकलेल्या बैलाशेजारी तरणा जुंपला की गाडी वेडीवाकडीच चालते. सेलला पट्ट्या जोडायचं काम स्पॉट वेल्डिंगनंच व्हायला हवं. सेलवर थेट सोल्डरिंगचा डाग देणाऱ्याकडे बॅटरी देऊ नका, मग तो कितीही ओळखीचा असो.

अमेरिकेतल्या मुलाला येताना बॅटरी आणायला सांगू, असं बरेच जण म्हणतात. ते शक्य नाही. प्रवाशाच्या सामानात 160 वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी चालत नाही, आणि तुमची त्याच्या तिप्पट आहे. डिस्प्ले, सेन्सर, हँगर (मागचा डेरेलर फ्रेमला धरून ठेवणारा छोटा तुकडा) खुशाल मागवा.

फुगलेली, पडून चेपलेली किंवा चार्ज होताना चटका बसण्याइतकी तापणारी बॅटरी वापरू नका. ती भंगारवाल्यालाही देऊ नका. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती नोंदणीकृत पुनर्वापर केंद्रात जायला हवी; आमच्याकडे आणून दिलीत तर आम्ही पोचवतो.

मोटर बंद पडली असं वाटतं तेव्हा

बहुतेक वेळा मोटर बंद पडलेली नसते. बॉशच्या डिस्प्लेवर 503 दिसलं तर मागच्या चाकाकडे बघा: स्पोकवरचा छोटा चुंबक सरकलेला किंवा झाडीत निसटलेला असतो. तो सेन्सरसमोर आणला की काम झालं. शिमानोवर डब्ल्यू013 दिसलं तर तुम्ही पेडलवर पाय ठेवून स्विच दाबलेला असण्याची शक्यता जास्त. बंद करा, पाय खाली टेका, पुन्हा चालू करा.

पेडल मारताना मोटरमधून करकर ऐकू येत असेल तर मात्र दुरुस्ती लांबवू नका. ती बहुधा बेअरिंग असते. कंपन्या मोटरचे आतले भाग सहसा विकत नाहीत, पण बेअरिंग प्रमाणित मापाची असते आणि तिच्यावर क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे बदलता येते. महिनाभर तसंच दामटलं तर मोटरच्या आतले गिअरही जातात, आणि ते आणायचे कुठून हा प्रश्न उभा राहतो.

बाकीची सायकल

मोटरचा सगळा जोर चेनमधून जातो, त्यामुळे साध्या सायकलीपेक्षा ती लवकर ताणली जाते. घरी तपासायला स्टीलची पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य ठेवा आणि बाराव्या इंचाजवळची पिन बघा. ती एक-सोळांश इंच पुढे सरकलेली दिसली तर चेन बदला, नाहीतर कॅसेटही, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संचही, बदलावा लागेल.

डेरेलरचा, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या भागाचा, हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि दगडावर आपटला की तोच आधी वाकतो. कंपनीचा उरलेला साठा संपायच्या आत दोन घेऊन ठेवा. फ्रेमला स्रॅमचा यूडीएच, म्हणजे अनेक कंपन्यांच्या फ्रेमना चालणारा एकसारखा हँगर बसत असेल तर ही चिंता नाही. मागच्या सस्पेन्शनच्या बेअरिंग बाजारात मिळतात, आणि पिव्हटचा, म्हणजे फ्रेमच्या हलत्या सांध्याचा, बोल्ट हरवला तर माप देऊन पुण्याजवळच्या भोसरीत लेथवर करून घेता येतो. तडा गेलेली ॲल्युमिनियमची फ्रेम मात्र आम्ही वेल्ड करून देत नाही. वेल्डच्या उष्णतेनं आजूबाजूचा धातू मऊ पडतो, आणि भट्टीत पुन्हा उष्णता-प्रक्रिया केल्याशिवाय ताकद परत येत नाही. घाटातल्या उतारावर आम्हाला तो धोका नको.

पावसाळ्यात चिखल वाळू द्या, मग ब्रशनं आणि बादलीभर पाण्यानं धुवा. प्रेशर वॉशर नको. मोटर शिंतोडे सोसते, थेट झोत नाही. बॅटरीच्या पिना कोरड्या पुसा आणि हिरवट थर दिसला तर आम्हाला दाखवा.

काहीच जुळलं नाही तर

मूळ मोटर काढून किट बसवता येतं, पण फ्रेम खास त्या मोटरच्या आकाराची असेल तर मागच्या चाकातली हब मोटर हाच मार्ग उरतो. चढावर तिला पेडलजवळच्या मधल्या मोटरची सर येत नाही, हे आधीच सांगतो. 250 वॉटपेक्षा कमी आणि ताशी 25 किलोमीटरपर्यंत असेल तर नोंदणी लागत नाही. 750 वॉटचं किट मागाल तर ते कायद्यानं मोटार वाहन ठरतं, आणि तसं काम आम्ही घेत नाही.

हमीबद्दल: बुडालेल्या कंपनीचं नाव दुसऱ्यानं विकत घेतलं म्हणजे जुनी हमी त्याच्याकडे गेली, असं गृहीत धरू नका. ॲडव्हान्स भरून सायकल मिळालेली नसेल तर दिवाळखोरी पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे मुदतीत दावा दाखल करा, पावती जोडा.

वर्कशॉपला येताना सायकलीबरोबर चार्जर, बॅटरीची किल्ली आणि डिस्प्ले नक्की आणा. चार्जर नसेल तर बॅटरीची तपासणी अर्धीच होते आणि तुम्हाला दुसरी खेप पडते.