पार्श्वभूमी : नेगिमाकी नेमकी कुठली?

बीफच्या पातळ कापात हिरव्या कांद्याच्या दोन-तीन काड्या गुंडाळायच्या, सोया सॉस आणि मिरिन (तांदळाची गोड जपानी वाइन) यांच्या गोडसर रसात भाजायच्या, इंच-इंचाचे तुकडे करून ताटलीत उभे मांडायचे. अमेरिकेतल्या जपानी रेस्टॉरंटात हा पदार्थ स्टार्टरच्या यादीत ‘नेगिमाकी’ म्हणून भेटतो. जपानमध्ये राहून आलेल्याला मात्र असा काही पदार्थ आठवतो तो डब्यातला. आत गाजर-फरसबी, बाहेर बहुधा पोर्क, आणि नाव ‘निकुमाकी’. घरी करायला म्हणून पाककृती शोधू लागलं की ही दोन नावं, शिवाय आणखी तीन-चार, एकमेकांत अडकलेली दिसतात.

‘माकी’ म्हणजे गुंडाळी. पण आत काय आणि बाहेर काय, हे तो शब्द सांगत नाही. आपल्याकडे पुरणपोळीत पुरण आत असतं आणि अळूवडीत अळू बाहेर. नावावरून कळायचं कसं? खाऊनच. तसंच तिथे. नोरिमाकीत नोरी, म्हणजे समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा, बाहेर, काप्पामाकीत काकडी आत. निकुमाकीत निकु, म्हणजे मांस, बाहेर आणि नेगिमाकीत नेगी, म्हणजे हिरवा कांदा, आत. सर्वांत फसवं नाव ‘यासाइमाकी’. शब्दशः ‘भाजीची गुंडाळी’, पण जपानमधल्या फुकुओका शहराच्या हाकाता भागात, याकितोरीच्या (सळईवर भाजलेल्या कोंबडीच्या) दुकानात ते मागितलं तर लेट्यूस किंवा एनोकी मश्रूमभोवती डुकराच्या पोटाकडच्या मांसाची पट्टी लपेटून, सळईवर भाजून येते. शाकाहारी पाहुण्याने नावावर जाऊ नये.

खरा गुंता ‘नेगिमा’ या शब्दाचा. यात शेवटचा ‘की’ नाही. एदो काळात, म्हणजे टोकियोचं नाव एदो होतं तेव्हा, ट्यूनाच्या पोटाकडचं चरबीदार मांस हलकं समजलं जाई. ते लवकर खराब व्हायचं आणि चरबीमुळे सोयात नीट मुरायचंही नाही. आज ज्याला सोन्याचा भाव आहे तो हाच ‘तोरो’. तेव्हा तो नेगीबरोबर रस्स्यात उकळून खाल्ला जाई. नेगी अधिक मागुरो (ट्यूना), म्हणून नेगिमा. इथवर वाद नाही. पुढे याकितोरीत कोंबडीचा एक तुकडा, नेगीचा एक तुकडा अशी सळई आली आणि तिलाही नेगिमाच म्हणू लागले. एका मते ट्यूनाची जागा कोंबडीने घेतली, नाव तेच राहिलं. दुसऱ्या मते इथला ‘मा’ म्हणजे ‘मधली जागा’, तुकड्यांच्या मधे नेगी म्हणून नेगिमा. पहिली गोष्ट सांगायला रंगतदार आहे, दुसरी साधी आहे. रंगतदार व्युत्पत्तीकडे जरा संशयाने पाहिलेलं बरं. न्यूयॉर्कच्या मेनूकार्डांवर बीफच्या गुंडाळीला ‘नेगिमायाकी’ असंही छापलेलं असतं. म्हणजे ट्यूनाच्या रस्स्याचं नाव बीफला चिकटलं, आणि त्यात रस्सा नाही की ट्यूना नाही.

बीफची नेगिमाकी न्यूयॉर्कमध्ये जन्मली, असं मानलं जातं. मॅनहॅटनमध्ये 1963 साली सुरू झालेल्या एका जपानी रेस्टॉरंटच्या मालकाला एका बड्या वृत्तपत्राच्या खाद्यसमीक्षकाने सुचवलं, अमेरिकी जिभेसाठी बीफचे पदार्थ वाढवा. त्यातून ही गुंडाळी आली. यावरून ‘म्हणजे हा पदार्थ जपानी नाहीच’ असं म्हणणारे बरेच भेटतात. मला ते उतावीळ वाटतं. क्योतोच्या दक्षिणेला यावाता नावाचं गाव गोबो या लांब, मातकट चवीच्या मुळासाठी पूर्वीपासून ओळखलं जाई. त्या मुळाभोवती ईल किंवा लोच मासा गुंडाळून केलेली ‘यावातामाकी’ जुनीच आहे, आणि आता ती बीफचीही होते. नववर्षाच्या ओसेचीच्या डब्यात तिला जागा असते. तेव्हा गुंडाळायची कल्पना मॅनहॅटनची नाही. मॅनहॅटनने दिलं ते जेवणाआधीचं स्थान. जपानमध्ये असले घास भाताबरोबर नाहीतर दारूबरोबर खातात. आधी स्टार्टर, मग मुख्य जेवण ही मांडणी तिथली नव्हे.

त्यामागचा मांसाचा इतिहास थोडक्यात. 675 साली सम्राटाच्या आज्ञेने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी वर्षातले काही महिने खाण्यास मनाई झाली. हरीण आणि रानडुक्कर त्या यादीत नव्हते. 1872 मध्ये सम्राटाने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं, आणि त्याच वर्षी संतापलेले दहा तपस्वी राजवाड्यात घुसले. त्यांतले काही मारले गेले. त्या सुमारास ग्युनाबे, सुकियाकी हे भांड्यात शिजवायचे बीफचे पदार्थ रुळले, आणि त्यांच्यासाठी लागणारं पातळ कापलेलं मांसही.

हा पातळ काप, ‘उसुगिरी’, माझ्या मते या सगळ्याचा कणा. चॉपस्टिकने खायचं, सुरी टेबलावर नाही, बहुतेक घरांत ओव्हनही नाही. खाटकाकडेच कागदासारखे काप मिळू लागले, पन्नास-साठच्या दशकांत घरोघरी फ्रिज आला, आणि थोड्या मांसात जास्त भाजी खपवणारी निकुमाकी मुलांच्या डब्यासाठी सोयीची ठरली. ॲस्परॅगसभोवती बेकन हाही त्यातलाच प्रकार. 1991 मध्ये बीफच्या आयातीवरचा कोटा उठला आणि आयात बीफ मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात सहज पोहोचलं. हाकाताच्या सळया जपानभर पसरल्या त्या तर अगदी अलीकडे.

महाराष्ट्रात 2015 च्या कायद्यानंतर बीफची नेगिमाकी करणाऱ्याची वाट अरुंद झाली. गोव्यात पोर्क सहज मिळतं, इतरत्र चिकन ब्रेस्टवर भागतं. पण उसुगिरी आपल्या खाटकाकडे मिळत नाही. मांसाचा तुकडा फ्रीझरमध्ये अर्धवट कडक होईस्तोवर ठेवून धारदार सुरीने कापायचा, नाहीतर प्लास्टिकखाली लाटण्याने ठोकून पसरायचा. गाजर-फरसबी आधी वाफवून घ्यायची. आणि गुंडाळीवर चिमूटभर बटाट्याचं किंवा मक्याचं स्टार्च भुरभुरवून जोडाची बाजू तव्यावर आधी टेकवायची, म्हणजे ती चिकटते आणि दोऱ्याची गरज पडत नाही.