हौशी पीसीबीची पार्श्वभूमी: इस्त्रीपासून गर्बर फाइलीपर्यंत

ईगल हे पीसीबी, म्हणजे छापील सर्किटचा बोर्ड, डिझाइन करायचं सॉफ्टवेअर ७ जून २०२६ नंतर मिळणार नाही, असं ऑटोडेस्क कंपनीने २०२३ च्या जूनमध्ये जाहीर केलं. तेव्हापासून नागपुरातली ओळखीची मुलं, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांचे मास्तर, मला दोन प्रश्न विचारत आहेत: आता कशावर शिकायचं, आणि बोर्ड कुठून बनवून घ्यायचे? उत्तर एका वाक्यात देता येतं: कायकॅड या सॉफ्टवेअरवर शिका, आणि एक-दोन बोर्ड हवे असतील तर देशातल्या कारखान्यांचे भाव आधी बघा. पण तेच उत्तर का, हे कळायला मागे जावं लागतं. सॉफ्टवेअर निवडताना आपण खरं तर आपल्या फाइलीची मालकी कोणाकडे राहील हे ठरवत असतो, आणि ही गोष्ट या धंद्याला कळायला पन्नास वर्षं लागली आहेत.

छापील सर्किट प्रत्यक्षात आणलं ते पॉल आइस्लर या ऑस्ट्रियन इंजिनीअरने. व्हिएन्नाहून तो इंग्लंडला गेला आणि १९३६ च्या सुमारास तिथं त्याने छापील सर्किटचा रेडिओ तयार केला. पुठ्ठ्यासारख्या पातळ पाटीवर तांब्याचा पत्रा चिकटवायचा, हवा तेवढा भाग शाईने झाकायचा आणि उरलेलं तांबं रसायनात विरघळवून टाकायचं. दुसऱ्या महायुद्धात छापील सर्किटं तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये (गोळा फोडणाऱ्या यंत्रणेत) गेली आणि १९४८ नंतर ते तंत्र अमेरिकेत व्यापारी वापरासाठी खुलं झालं. आज कारखान्यात होतं तेही मुळात हेच आहे.

आपल्याकडे हौशी माणसापर्यंत हे तंत्र मासिकांतून आलं. दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’मध्ये सर्किटसोबत प्रत्यक्ष मापाचा पीसीबी लेआउट छापलेला असायचा. त्याची झेरॉक्स काढायची, नागपूरच्या बर्डीवरून कॉपर क्लॅड, म्हणजे तांबं चढवलेली पाटी, आणायचा (तपकिरी असेल तर दुकानदार त्याला हायलम म्हणायचे), कार्बन पेपरने रेघा उतरवायच्या आणि त्या ऑइल पेंटने किंवा परमनंट मार्करने भरायच्या. मग फेरिक क्लोराइडचं द्रावण. लेझर प्रिंटर हाताशी आले तशी इस्त्रीची पद्धत रुळली. गुळगुळीत कागदावर उलटी प्रिंट काढायची, तांब्यावर ठेवून कडक इस्त्री फिरवायची आणि कागद पाण्यात भिजवून अंगठ्याने हळूहळू चोळून काढायचा. टोनर तांब्याला चिकटून राहतो आणि तोच रसायनापासून रेघ वाचवतो. द्रावण कोमट असलं की काम पटकन होतं, म्हणून पुस्तकं ते तापवायला सांगतात. नागपूरच्या मे महिन्यात तापवायची गरज नसते. गच्चीवर प्लास्टिकच्या टबात ठेवलं की आपोआप होतं. मात्र त्या रसायनाचा पिवळा डाग शर्टावरून कधीच जात नाही. आमच्या घरच्या फरशीवरचा एक डाग अजून तसाच आहे.

या पद्धतीत सगळ्यात जास्त घात मापाने केला. झेरॉक्स दोन टक्के जरी लहान निघाली, तरी आठ पायांच्या ५५५ टायमरला फरक पडत नाही. त्याच्या एका रांगेतल्या पहिल्या आणि शेवटच्या पायांत ७.६२ मिलिमीटरचं अंतर, त्यात दीड दशांश मिलिमीटरची चूक खपून जाते. पण चाळीस पायांची ८०५१ ही प्रोग्राम चालवणारी आयसी घेतली की तेच अंतर ४८.२६ मिलिमीटर होतं आणि दोन टक्के म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. शेवटचे पाय भोकात जातच नाहीत. रात्रभर बसून बनवलेला बोर्ड सकाळी आयसी लावताना फुकट गेलेला मी पाहिला आहे. हातात कागद होता आणि कागदावरची माणसाची रेघ होती, पण आकडे कुठेच नव्हते.

आकडे आणले ते जोसेफ गर्बर यांनी. जन्म व्हिएन्नाचा, नाझींच्या तावडीतून सुटून १९४० मध्ये अमेरिकेत आलेला हा मुलगा पुढे गर्बर सायंटिफिक या कंपनीचा मालक झाला. त्यांच्या फोटोप्लॉटर यंत्रात एक चकती असायची आणि तिच्यावर वेगवेगळ्या आकाराची छिद्रं. यंत्राला सांगायचं: अमुक क्रमांकाचं छिद्र समोर आण, दिवा लाव, अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंत सरक. प्रकाशाने फिल्मवर ट्रॅक, म्हणजे तांब्याची रेघ जिथे हवी तो पट्टा, उमटायचा. या हुकुमांची भाषा १९८० मध्ये आरएस-२७४-डी या नावाने प्रमाण म्हणून लिहिली गेली. तिच्यात एक मोठी खोट होती. फाइलीत छिद्राचा क्रमांक असायचा, पण त्या छिद्राचा आकार काय ते वेगळ्या यादीत द्यावं लागायचं. यादी हरवली किंवा चुकीची जोडली गेली, की जाड ट्रॅक बारीक आणि बारीक जाड. १९९८ च्या विस्तारित आरएस-२७४-एक्सने ही यादी फाइलीच्या पोटातच घातली. पुढे २०१४ मध्ये एक्स-२ आलं आणि ही फाइल वरच्या तांब्याची की खालच्या, सोल्डर मास्कची (तांबं झाकणाऱ्या लेपाची) की अक्षरांची, हेही फाइल स्वतःच सांगू लागली. या फॉरमॅटची देखभाल आज बेल्जियमची उकॅमको ही कंपनी करते आणि त्याचं वर्णन कोणालाही वाचता येतं. ड्रिलिंगची फाइल वेगळी असते, एक्सेलॉन यंत्रांच्या भाषेतली.

मला हा टप्पा पूर्ण इतिहासातला सगळ्यात मोलाचा वाटतो. गर्बरमुळे डिझाइन करणारा आणि बोर्ड बनवणारा एकमेकांपासून सुटले. तुम्ही कोणतंही सॉफ्टवेअर वापरा, कारखान्याला फक्त गर्बर द्या. मधल्या काळात काही परदेशी कंपन्यांनी फुकट सॉफ्टवेअर दिलं, पण त्याची फाइल फक्त त्याच कंपनीकडे चालायची. त्यांच्याकडे बोर्डाची किंमत वाढली तर दुसरीकडे जायची वाट बंद. तसं सॉफ्टवेअर फुकट असलं तरी घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

सॉफ्टवेअरची गोष्ट साधारण १९८५ ला सुरू होते. त्या वर्षी टास्मानियात निक मार्टिन यांनी प्रोटेल सुरू केलं. तीच कंपनी पुढे ऑल्टियम झाली आणि २०२४ मध्ये जपानच्या रेनेसासने विकत घेतली. १९८८ मध्ये जर्मनीच्या कॅडसॉफ्टने ईगल आणलं. इंग्लंडच्या लॅबसेंटरचं प्रोटिअस आपल्या कॉलेजांत विशेष रुजलं, कारण त्यात ८०५१ चा प्रोग्राम बोर्ड न बनवता चालवून बघता येतो. महाराष्ट्रात १९८३ नंतर विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजं निघाली. नागपुरात व्हीएनआयटी (तेव्हाचं विश्वेश्वरय्या रीजनल कॉलेज) १९६० पासून होतंच. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट दर उन्हाळ्याच्या तोंडावर शेकड्यांनी होऊ लागले. सॉफ्टवेअर विकत घेणारे त्यात फारच थोडे. क्रॅक केलेली सीडी हाताहाती फिरायची, आणि ती ज्या व्हर्जनची असेल ते व्हर्जन शिकायचं. मीही तसाच शिकलो. आज तसं करू नका, हे सांगण्यासाठीच एवढं लिहितो आहे.

त्या काळातला एक बोर्ड मी विसरलेलो नाही. एका छोट्या वर्कशॉपमध्ये एकाच बाजूचा बोर्ड बनवायला दिला होता. लग्नपत्रिकांसारखंच स्क्रीन प्रिंटिंग करून ते तांब्यावर शाई मारायचे. मी पेन ड्राइव्ह पुढे केला.

‘कोणती फाइल आणली भाऊ? हे आमच्याकडं उघडून नाही राहिली.’

माझं व्हर्जन नवं, त्यांचं जुनं. शेवटी त्यांच्याच कॉम्प्युटरवर फाइल कशीबशी जुन्या व्हर्जनमध्ये बदलली, प्रिंट काढली आणि मी घरी आलो. आठवड्याने बोर्ड मिळाला तो आरशातला. सगळे ट्रॅक बरोबर, पण डावं उजवीकडे. तांब्यावर एकही अक्षर नव्हतं, त्यामुळे प्रिंट सुलटी की उलटी हे त्यांनाही कळायला मार्ग नव्हता आणि मलाही. आयसी तांब्याच्या बाजूने सोल्डर करून तो प्रोजेक्ट कसाबसा उभा केला. गर्बर फाइल देता आली असती तर हा घोळ झाला नसता. तेव्हापासून माझ्या प्रत्येक बोर्डाच्या प्रत्येक थरावर एखादा शब्द असतो. अक्षर सुलटं वाचता आलं की थर सुलटा.

ईगलने हौशी माणसाला कायदेशीर वाट दिली, म्हणून त्याच्याबद्दल मला आदर आहे. फुकट आवृत्तीत १०० बाय ८० मिलिमीटरचा बोर्ड आणि तांब्याचे दोन थर, एवढी मर्यादा. हौशी कामाला ते पुरायचं आणि इंटरनेटवर मिळणारे कितीतरी खुले डिझाइन ईगलमध्येच असायचे. २००९ मध्ये कॅडसॉफ्ट फार्नेल या कंपनीकडे गेली, २०१६ मध्ये ऑटोडेस्ककडे, आणि २०१७ च्या सुरुवातीला एकदाच विकत घ्यायची सोय बंद होऊन भाडं सुरू झालं. मग २०२३ ची ती घोषणा. पस्तीस वर्षांत मालक बदलत गेले आणि वापरणाऱ्याच्या हातात काही नव्हतं.

याच काळात दुसरीकडे कायकॅड वाढत होतं. फ्रान्समधल्या ग्रेनोबल इथल्या एका तंत्रसंस्थेतल्या ज्याँ-पिएर शारास यांनी ते १९९२ मध्ये सुरू केलं. बरीच वर्षं ते वापरायला अवघड होतं, हे खरंच आहे. मी दोनदा उघडून बंद केलं होतं. नंतर स्वित्झर्लंड-फ्रान्स सीमेवरच्या सर्न या अणुभौतिकी संशोधन केंद्राने त्यात आपले प्रोग्रामर घातले. २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी लिहिलेला राउटर, म्हणजे ट्रॅक आखायचं साधन, आला. नवा ट्रॅक ओढला की आधीचे ट्रॅक बाजूला सरकून जागा देतात. २०१८ च्या पाचव्या आवृत्तीने ईगलचे अख्खे प्रोजेक्ट उघडायला सुरुवात केली, २०२१ च्या सहाव्या आवृत्तीने ऑल्टियमच्या फाइली, २०२४ च्या आठव्या आवृत्तीने ईझीईडीएच्या. बोर्डाच्या आकारावर, थरांवर हौशी माणसाला अडेल असं बंधन नाही, आणि फाइल म्हणजे साधा मजकूर, नोटपॅडमध्येही उघडतो. ज्यांच्याकडे जुनी ईगलची कामं आहेत त्यांनी ती आत्ताच कायकॅडमध्ये उघडून बघावीत आणि प्रत्येक पॅड (भागाचा पाय सोल्डर करायची तांब्याची जागा) तपासावा.

ईझीईडीए ब्राउझरमध्ये चालतं, पहिल्या दिवशी पहिला बोर्ड होतो आणि सुटे भाग निवडायची सोय उत्तम आहे. ते जेएलसीपीसीबी या चिनी कारखान्याच्याच घरातलं आहे. गर्बर मात्र मोकळेपणाने काढून देतं. म्हणून नवशिक्याने त्यावर सुरुवात केली तर मला आक्षेप नाही, फक्त प्रत्येक कामाची प्रत स्वतःच्या कॉम्प्युटरवर उतरवून ठेवावी.

बोर्ड स्वस्त कसे झाले, त्याचं कारण पाटीच्या मापात आहे. कारखाना साधारण १८ बाय २४ इंचाच्या मोठ्या पाटीवर काम करतो. फिल्म, ड्रिलिंग, रसायनं यांचा खर्च पाटीमागे असतो, त्यात तुमचा एकच छोटा बोर्ड असेल तर सगळा भार तुमच्यावर. अनोळखी वीस जणांचे बोर्ड एकाच पाटीवर मांडले की भार वाटला जातो. अमेरिकेत पोर्टलंडच्या ओएसएच पार्कने हेच केलं: जांभळे बोर्ड, चौरस इंचाला पाच डॉलर, तीन नग. शेन्झेनच्या कारखान्यांनी ते अवाढव्य प्रमाणावर नेलं. १०० बाय १०० मिलिमीटरच्या आतले दोन थरांचे पाच बोर्ड दोन डॉलरला, असा भाव जेएलसीपीसीबीने लावला आणि जगभरचे हौशी लोक आपले बोर्ड त्या चौकटीत बसवू लागले.

नागपूरला मात्र हा हिशोब अपुरा पडतो. बोर्डापेक्षा कुरिअर महाग, त्यावर कस्टम ड्युटी, केवायसीचे कागद आणि वाट बघणं. म्हणून एक-दोन बोर्ड हवे असतील तेव्हा मी देशातल्या कारखान्यांचे भाव आधी बघतो. गांधीनगरची पीसीबी पॉवर, बंगळुरूची लायन सर्किट्स अशा कंपन्या ऑनलाइन गर्बर घेतात. एकूण खर्च जीएसटीसकट आणि घरपोच होईपर्यंतचा मांडावा. तारखेची घाई असेल तर देशातलाच बोर्ड घ्यावा. आणि ज्याला तांबं कसं विरघळतं हे पाहायचं आहे त्याने पहिला बोर्ड इस्त्रीनेच करावा, ते शिकणं वाया जात नाही.

इस्त्रीचा बोर्ड कुठे कमी पडतो हे मला कूलरने शिकवलं. पंप सतत चालला की पाणी वाया जातं आणि खोली दमट होते, म्हणून पाच मिनिटं चालू, दहा मिनिटं बंद असा टायमर मी बनवला होता. एका उन्हाळ्यात उघड्या तांब्यावर हिरवट थर चढला. शिवाय २३० व्होल्टचे ट्रॅक आणि पाच व्होल्टचे ट्रॅक यांच्यात मी जेमतेम दोन मिलिमीटर सोडले होते. दमट हवेत ते धोक्याचं आहे. नवा बोर्ड कायकॅडमध्ये केला. दोन्ही भागांत किमान सहा मिलिमीटर अंतर, तो नियम सॉफ्टवेअरमध्येच घातलेला, त्यामुळे चुकलं की लगेच दाखवतं. रिलेखाली (पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचखाली) बोर्डात आरपार खाच, वर हिरवा सोल्डर मास्क, सोल्डरिंगनंतर वार्निशचा हात.

कायकॅडच्या सातव्या आवृत्तीपासून कॉम्प्युटरमधला कोणताही फॉन्ट बोर्डावर वापरता येतो. म्हणून या बोर्डाच्या टर्मिनलांशेजारी पांढऱ्या अक्षरांत ‘पंप’, ‘पंखा’ आणि ‘मेन लाइन’ असं छापून आलं आहे. कूलर बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने ते वाचलं आणि मला न विचारता तिन्ही वायरी जागच्या जागी लावल्या.