पीएचडीचा प्रबंध सादर करताना: साम्य-तपासणी, हमीपत्र आणि शोधनिबंध

प्रबंध बाइंडिंगला टाकायची वेळ आली की विद्यार्थी ग्रंथालयात येऊन पहिलं हेच विचारतात, “सर, किती टक्के साम्य चालतं?” म्हणजे प्रबंधातला किती मजकूर दुसऱ्याच्या लिखाणाशी जुळला तर चालतो. दहा. पण मी ते लगेच सांगत नाही. तेवढाच आकडा घेऊन गेलेला माणूस पुढे अडकतो.

आधी पात्रता. छत्रपती संभाजीनगरचं विद्यापीठ असो की नांदेडचं, यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम दोन्हीकडे लागू आहेत. २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार कोर्सवर्क (सुरुवातीचा अभ्यासक्रम) धरून किमान ३ वर्षं पूर्ण हवीत आणि कोर्सवर्कमध्ये किमान ५५ टक्के गुण. संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा २ क्रेडिटचा पेपरही त्यातच येतो.

प्रबंधासोबत साम्य-तपासणीचा, म्हणजे सॉफ्टवेअरने जुळणारा मजकूर शोधल्याचा, अहवाल लागतो. काम माझं स्वतःचं आहे आणि ते तपासून घेतलं आहे, असं तुमचं हमीपत्र लागतं. मार्गदर्शकांचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. नमुने आपल्याच विद्यापीठाचे घ्या, मित्राची जुनी फाइल वापरू नका.

आता टक्के. यूजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविरोधी नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. त्यावर ४० पर्यंत गेलं तर जास्तीत जास्त ६ महिन्यांच्या मुदतीत सुधारून द्यायचं, ६० पर्यंत गेलं तर वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही आणि त्याही पुढे गेलं तर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्याची कलमं हे मोजणीतून वगळतात. मात्र सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष आणि शिफारशी तुमच्याच हव्यात. तिथे साम्य नसावं असं नियमच सांगतो. सलग १४ शब्दांपर्यंतचे योगायोगाने जुळणारे शब्द तेवढे सोडले आहेत.

मला खरी काळजी मराठी प्रबंधांची वाटते. हैदराबाद मुक्तिसंग्रामावर लिहिताना इंग्रजी पुस्तकातलं प्रकरण मराठीत उतरवलं, तर सॉफ्टवेअर ते बहुधा पकडत नाही. अहवालात ४ टक्के येतात आणि तरीही ती चोरीच असते. अनुवादित मजकुरालाही तळटीप द्या. मुलाखतीतून आलेली माहिती असेल तर सांगणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीने लिहा, गाव आणि तारीखही टाका. म्हाताऱ्या माणसांनी ओसरीवर बसून तासन् तास सांगितलेलं असतं, ते श्रेय त्यांचंच.

शोधनिबंधाबाबत घाई करू नका. २०२२ च्या नियमांत प्रबंधापूर्वी निबंध छापण्याची सक्ती उरलेली नाही, विद्यापीठाचा अध्यादेश मात्र पाहून घ्या. “आठ दिवसांत छापून देतो, यूजीसी मान्यताप्राप्त” असे मेसेज येतात. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य नियतकालिकांची यादी, फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली, त्यामुळे हा शिक्का दाखवणाऱ्याला पैसे देऊ नका. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक असतो, दर्जाची पावती नसते. संपादक खरोखर कुठे शिकवतात, लेख तज्ज्ञांकडे जातो का, शुल्क आधी सांगतात का, हे बघा. एकच निबंध दोन ठिकाणी पाठवू नका आणि काम न केलेल्याचं नाव सहलेखक म्हणून घालू नका, मग ते साहेब असोत की मित्र.

पदवी मिळाल्यावर महिनाभरात प्रबंधाची सॉफ्ट कॉपी विद्यापीठामार्फत शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, जाते. तिथे प्रबंध हिंगोलीतला शिक्षकही वाचू शकतो आणि मूळ पुस्तकाचा लेखकही. चोरी तेव्हा सिद्ध झाली, तर दिलेली पदवीसुद्धा स्थगित ठेवता येते.