विजेशिवाय धुतला जाणारा वाळूचा फिल्टर आणि फायनल इयरचे प्रोजेक्ट

दरवर्षी दिवाळी झाली की फायनल इयरची पोरं विचारायला लागतात, दादा 'सस्टेनेबल'मध्ये काहीतरी प्रोजेक्ट सुचवा ना, गावाला उपयोगी पडेल असं. मी विचारतो, गाव कुठलं? उत्तर येतं, कुठलंही चालेल! झालं, प्रोजेक्ट तिथेच मेला. मग गाडी नेहमीच्या रस्त्याला लागते, एक आर्डुइनो (छोटं इलेक्ट्रॉनिक बोर्ड), एक सेन्सर, मोबाईलवर आकडा दाखवणारं ॲप, आणि वर नाव 'आयओटी बेस्ड स्मार्ट वॉटर क्वालिटी मॉनिटरिंग सिस्टीम'. अरे पण जुलैत नळाखाली हंडा धरणाऱ्या बाईला पाणी गढूळ आहे हे सेन्सरने सांगायची काय गरज, तिला ते कपडा लावून गाळतानाच दिसतंय. ते निवळून कोण देणार हा तिचा प्रश्न आहे.

नेमका हाच प्रश्न घेऊन इंजिनीअरिंगच्या पोरांनी वर्षानुवर्षं काम केलंय असं एक उदाहरण मला फार आवडतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाच्या छोट्या शहरात कॉर्नेल युनिव्हर्सिटी आहे, तिथे २००५ साली मनरो वेबर-शर्क या शिक्षकाने 'आग्वाक्लारा' नावाने हे काम सुरू केलं. एक बॅच येते, लॅबमध्ये एखाद्या बारक्या गोष्टीवर सेमिस्टरभर डोकं घालते, रिपोर्ट लिहून जाते आणि पुढची बॅच तो रिपोर्ट वाचून तिथूनच पुढे निघते. (आपल्याकडे आधीच्या बॅचचा रिपोर्ट फक्त कव्हर बदलायला लागतो, असो.) त्यांचा जोडीदार मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशातला, 'आग्वा पारा एल पुएब्लो' नावाची तिथलीच संस्था. डिझाईन आणि संशोधन कॉलेजचं, बांधकाम आणि ट्रेनिंग संस्थेचं, आणि प्लांट गावाचा. गावाची पाणी समिती पाणीपट्टी गोळा करते आणि त्यातून ऑपरेटरचा पगार आणि औषधाचा (तुरटी, क्लोरीन) खर्च भागतो, ऑपरेटरही गावातलाच. ओहोहोना, मार्काला, तामारा अशा गावांत हे प्लांट उभे राहिले, आता होंडुरास आणि शेजारच्या निकाराग्वात मिळून वीसच्या वर आहेत, आणि डिझाईन सगळ्यांना फुकट खुलं आहे.

तिकडची परिस्थिती आपल्या कोकणातल्या किंवा घाटमाथ्याच्या वाड्यांना ओळखीची वाटेल. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी पाईपने उताराने गावात येतं, उन्हाळ्यात स्वच्छ आणि पावसाळ्यात लाल. गावाकडून अटी आल्या त्या साध्याच होत्या पण जीवघेण्या. वीज धरायची नाही, कारण ती असेल नसेल, आणि असली तरी बिल कोण भरणार. पार्ट असे पाहिजेत की जवळच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. आणि ऑपरेटर फार शिकलेला नसला तरी आत काय चाललंय ते त्याला डोळ्यांनी दिसलं पाहिजे. म्हणून या प्लांटच्या टाक्या वरून उघड्या असतात, माणूस काठावर उभा राहून वाकून बघतो आणि ओळखतो की आज औषध कमी पडतंय.

आता गढूळ पाणी आपोआप का निवळत नाही ते बघू. निवळतं, पण कधी! मातीचा एक मायक्रॉनचा कण (मिलिमीटरचा हजारावा भाग) पाण्यात सेकंदाला जेमतेम एक मायक्रॉन खाली सरकतो, म्हणजे एक मीटर खोल टाकीत तळाला पोचायला त्याला बारा-तेरा दिवस लागतात, तेही पाणी अजिबात हललं नाही तर. पण खाली बसायचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, कण दुप्पट मोठा झाला की वेग चौपट. मग उपाय काय, तर कणांना एकमेकांना चिकटवून मोठं करा. तुरटी हेच करते. ती पाण्यात विरघळली की ॲल्युमिनियम हायड्रॉक्साईडचे अतिसूक्ष्म चिकट कण तयार होतात, ते मातीच्या कणांवर जाऊन बसतात, आणि एरवी सारख्या चार्जमुळे एकमेकांना ढकलणारे मातीचे कण आता आपटले की चिकटतात. त्यांचे जे पुंजके होतात त्यांना फ्लॉक म्हणतात. आजी माठात तुरटी फिरवायची तेव्हा तुरटीचा डोस आणि ढवळणं दोन्ही एकदमच होत होतं. ढवळणं महत्त्वाचं, कारण आपटल्याशिवाय चिकटणार कसे. आग्वाक्लाराच्या प्लांटमध्ये ढवळायला मोटर नाही, पाणी आडव्या-उभ्या भिंतींमधून नागमोडी जातं आणि वळणावळणावर स्वतःच ढवळलं जातं.

इथे थोडं विषय सोडून. आरओ विकणारे घरी येऊन एक डेमो दाखवतात, तुम्ही पाहिला असेल. तुमच्या नळाच्या पाण्याचा एक ग्लास, त्यांच्या आरओच्या पाण्याचा एक, दोन्हीत धातूच्या कांड्या घालून करंट सोडतात, नळाच्या पाण्यात हिरवट-तपकिरी गाळ येतो आणि तुम्ही घाबरता की बापरे आपण हे पितोय! तो गाळ पाण्यात नव्हताच. कांडीतलं लोखंड विरघळून त्याचं हायड्रॉक्साईड झालंय, तुरटीच्या फ्लॉकचं भावंडच ते. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात म्हणून करंट जात नाही, म्हणून गाळ नाही, इतकंच. पुढच्या वेळी त्यांच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि म्हणा आता लाव. त्या टीडीएस मीटरचंही तेच, तो विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, जंतू किंवा गढूळपणा त्याला दिसत नाही. भारतीय मानकात टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतं, पण गढूळपणाची मर्यादा १ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक), फारतर ५. पावसाळ्यात आपण नेमका उलटा आकडा बघत बसतो.

औषधाच्या डोसबद्दल थोडक्यात सांगतो. पाणी वाढलं की तुरटी वाढली पाहिजे, कमी झालं की कमी. आग्वाक्लाराच्या प्लांटमध्ये यासाठी एक तरफ लावली आहे, एका टोकाला टाकीतल्या पाण्यावर तरंगणारा फ्लोट, दुसऱ्या टोकाला औषधाची बारीक नळी. पाण्याची पातळी चढली की नळीचं तोंड खाली जातं आणि औषध जास्त येतं. बारीक नळीत प्रवाह शांत असतो त्यामुळे उंचीच्या सरळ प्रमाणात येतं. ऑपरेटर फक्त नळीचं टोक तरफेवर पुढेमागे सरकवतो. सेन्सर नाही, पंप नाही, प्रोग्रॅम तर नाहीच.

पण माझा जीव ज्याच्यात अडकलाय ती गोष्ट म्हणजे फिल्टर.

फ्लॉक खाली बसल्यावर जे थोडं उरतं ते वाळूत गाळतात, हे सगळ्याच शहरी फिल्टर प्लांटमध्ये असतं. अडचण गाळण्याची नाही, अडचण आहे वाळू धुण्याची. दिवस-दोन दिवसात वाळू चोंदते, मग खालून उलटं पाणी जोरात सोडून ती धुवावी लागते, त्याला बॅकवॉश म्हणतात. गाळताना पाणी वाळूतून सेकंदाला दीड-दोन मिलिमीटर वेगाने जातं, पण वाळू उचलून खळबळवायला वेग साधारण ११ मिलिमीटर लागतो. म्हणजे पाच-सहा पट पाणी, आणि तेही दिवसातून काही मिनिटांसाठी. या काही मिनिटांसाठी एक मोठा पंप नाहीतर उंचावरची टाकी बांधायची, आणि टाकी भरायला परत पंप. मोठ्या शहरात हे खपून जातं, सहा-सात फिल्टर असतात त्यांचं पाणी एकात वळवता येतं. गावात एकच फिल्टर. तिथे पंप आला की वीज आली, वीज आली की बिल आलं, मोटर जळाली की वाळू न धुता तशीच, आणि मग गाव म्हणतं फिल्टर बायपास करा.

पोरांनी आणि त्यांच्या सरांनी काय केलं, तर एक फिल्टर सहा फिल्टर असल्यासारखा वापरला. २० सेंटीमीटर जाडीचे वाळूचे सहा थर एकावर एक, एकाच खोक्यात, मध्ये पडदा वगैरे काही नाही, सलग १.२ मीटर वाळूच. फक्त तिच्यात सात उंचींवर बारीक चिरा पाडलेले पीव्हीसी पाईप पुरलेले, चिरा अशा की वाळू आत जाणार नाही. सगळ्यात वरून मोजलं तर पहिला पाईप पाणी आत सोडणारा, दुसरा बाहेर नेणारा, तिसरा परत आत सोडणारा, असं आलटून पालटून, म्हणजे चार आत सोडणारे आणि तीन बाहेर नेणारे. पाणी कुठे वरून खाली, कुठे खालून वर, असं सहाही थरांतून एकाच वेळी गाळलं जातं. प्रत्येक थराच्या वाट्याला एकूण पाण्याचा सहावा भाग, म्हणून वेग १.८ मिलिमीटरच्या आसपास. आता बॅकवॉश करायचाय. वरचे तीन आत सोडणारे पाईप बंद करा आणि सगळं पाणी फक्त तळाच्या पाईपातून सोडा. तेच पाणी, तितकंच पाणी, पण आता सहा वाटांऐवजी एकाच वाटेने वर चाललंय, म्हणून वेग सहापट. १.८ गुणिले ६, जवळपास ११! एक थेंब जास्तीचा नको. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो होतो, इतकं साधं आहे.

अजून पुढे आहे. पाईप बंद करायला व्हॉल्व्ह लागतीलच ना? तेही टाळलंय. वाळूच्या वर एक मोठा सायफन पाईप आहे, एरवी त्यात हवा कोंडलेली असते म्हणून पाणी त्यातून वाहत नाही. ऑपरेटर एक छोटा, बोटाएवढा हवेचा व्हॉल्व्ह उघडतो, हवा निघते, सायफन चालू होतो आणि फिल्टरमधली पाण्याची पातळी उतरायला लागते. शेजारच्या टाकीत, जिथून आत सोडणारे पाईप निघतात, तिथली पातळीही उतरते आणि वरच्या तीन पाईपांची तोंडं उघडी पडतात, त्यांच्यात पाणी जायचं आपोआप थांबतं. बाहेर नेणाऱ्या पाईपांचा सांडवा आता पातळीच्या वर राहिला, म्हणजे तिथूनही काही जाणार नाही. उरला तळाचा पाईप. मिनिटभरात वाळू चुलीवरच्या पिठल्यासारखी रटरटायला लागते आणि सायफनमधून काळपट पाणी बाहेर पडतं, ते नितळ दिसायला लागलं की हवा परत आत सोडायची, सायफन तुटतो, पातळी चढते, गाळणं चालू.

ज्यांना आकडेमोड नको त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. वाळू तरंगायला लागते म्हणजे खालून येणाऱ्या पाण्याचा दाब वाळूच्या पाण्यातल्या वजनाइतका होतो. वाळूची घनता पाण्याच्या २.६५ पट, पाण्याचा वर ढकलणारा जोर वजा केला की १.६५ उरली. थरात साधारण ४० टक्के पोकळी, म्हणजे वाळू ६० टक्के. ०.६ गुणिले १.६५ म्हणजे ०.९९, जवळजवळ १. अर्थ असा की १.२ मीटर वाळू उचलायला पाण्याची उंचीही १.२ मीटरच लागते, आणि एकदा वाळू तरंगली की वेग वाढवला तरी हा आकडा बदलत नाही, वाळू फक्त जास्त फुगते, ११ मिलिमीटरला सुमारे ३० टक्के. त्यामुळे टाक्यांच्या उंच्या कागदावर आधीच पक्क्या करता येतात आणि सगळं दोन-तीन मीटरच्या उतारात बसतं. डोंगरातल्या गावात उतार फुकट असतो.

वीज आहे असं धरलं असतं तर हा फिल्टर कोणाच्या डोक्यात आला असता असं मला वाटत नाही, पंप बसवून मोकळे झाले असते. तरी एक सांगतो, यातलं सगळंच काही लॅबमधून आलेलं नाही, पोरं जानेवारीच्या सुट्टीत होंडुरासला जातात, ऑपरेटरांशी बोलतात, काय अडतंय ते घेऊन परत येतात. आणि या प्लांटला जे जमत नाही तेही नीट सांगायला हवं. फ्लोराईड, नायट्रेट किंवा खारटपणा याने निघत नाही, मराठवाड्यातल्या फ्लोराईडच्या बोअरला याचा उपयोग शून्य. आणि शेवटी क्लोरीन लागतंच, फक्त पाणी आधी स्वच्छ असलं की कणांच्या आड लपलेले जंतू क्लोरीनच्या तावडीतून सुटत नाहीत. आपला जलसुरक्षक भर पावसात लाल पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, त्यातली बरीच पावडर चिखलावरच खर्च होते.

आपल्याकडे असं काम होत नाही असं अजिबात नाही. आयआयटी मुंबईत १९८५ पासून 'सितारा' नावाचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे, तिथली पोरं गावात मुक्काम करून शिकतात, नळयोजना का बंद पडल्या याचे अभ्यास करतात, आणि उन्नत महाराष्ट्र अभियानातून इतर कॉलेजांनाही या कामात ओढलंय. तेव्हा 'कुठलंही गाव चालेल' म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या तालुक्यातली पावसात लाल पाणी देणारी एक योजना शोधा, तिथे पाणी सोडणाऱ्या माणसाबरोबर एक सकाळ काढा, आणि येताना दोन कॅन गढूळ पाणी घेऊन या.

मग पहिला प्रयोग बिनखर्चाचा. सहा सारख्या बरण्यांत एक-एक लिटर पाणी घ्या, तुरटीचं मोजून केलेलं द्रावण चढत्या डोसने घाला, लिटरला १० मिलीग्रॅमपासून ६० पर्यंत, एक मिनिट जोरात ढवळा, वीस मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात लावू नका. कुठल्या बरणीत फ्लॉक चांगला धरतो ते लिहून ठेवा. एकाही बरणीत धरला नाही तर लगेच डोस वाढवत सुटू नका, ताजं पावसाचं पाणी मऊ असतं आणि तुरटीला हायड्रॉक्साईड व्हायला लागणारी अल्कता त्यात पुरेशी नसते. चिमूटभर खायचा सोडा घाला आणि परत ढवळून बघा.