न भिजलेली सायकल गंजली कशी?

आजोबांची हर्क्युलिस पंचवीस वर्षं पडवीच्या आढ्याला टांगलेली होती. हर्णैचं घर, समुद्र हाकेच्या अंतरावर. बाहेर पाऊस कितीही झोडपू दे, त्या कोपऱ्यात कधी थेंब आला नाही. गेल्या मे महिन्यात काकांनी आणि मी ती खाली उतरवली. मागच्या मडगार्डावरची धूळ पुसायला गेलो, तर अंगठा पत्र्यातून आरपार गेला. पत्र्याचा पापड झाला होता.

"पाणी लागलंच नाही, मग गंजली कशी?" काकांचा प्रश्न रास्त होता. शेजारच्यांनी त्यावर नेहमीचं वाक्य टाकलं: "पूर्वीचं लोखंड गंजत नसे हो." पुरावा म्हणून दिल्लीचा लोहस्तंभ. तो स्तंभ टिकला, कारण त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर घट्ट थर धरतो आणि दिल्लीची हवा बरीच कोरडी आहे. तोच स्तंभ हर्णैच्या बंदरावर उभा केला असता, तर काय झालं असतं ते बघायला मला आवडलं असतं. सायकलीची पोलादी नळी मात्र जुनी असो वा नवी, खाऱ्या वाऱ्यापुढे सारखीच.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर स्वयंपाकघरात आहे. पावसाळ्यात खडेमिठाच्या बरणीत तळाशी पाणी सुटतं ना? ते हवेतलं असतं. शुद्ध मीठ हवेची आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढून विरघळतं. पण समुद्राच्या मिठात सुमारे दहावा भाग मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि त्याला ३३ टक्के आर्द्रताही पुरते. किनाऱ्यावर हवा त्याहून कोरडी होणं विरळाच. लाटा फुटल्या की बुडबुडे फुटतात, बारीक खारे तुषार उडतात आणि वाऱ्यावर पडवीत येऊन बसतात. म्हणजे आमची सायकल पंचवीस वर्षं ओलीच होती. फक्त ते पाणी डोळ्यांना दिसत नव्हतं.

उलट पावसात उभी राहिली असती, तर निदान वरचं मीठ धुऊन गेलं असतं! पावसात उभ्या राहणाऱ्या सायकलींचं मडगार्ड वरून बरं आणि आतून चाळण असतं, ते त्यामुळेच. आडोशाची जागा कोकणात लोखंडाला मानवत नाही.

आता त्या ओल्या थरात काय चालतं ते सांगतो, कारण मला गंजापेक्षा गंजाचा थेंबच जास्त आवडतो. केंब्रिजचे शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात घासलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवला. त्यात दोन सूचक रसायनं मिसळली होती. लोखंड विरघळेल तिथे निळा रंग आणि पाणी अल्कधर्मी होईल तिथे गुलाबी. थोड्या वेळाने थेंबाचा मध्यभाग निळा झाला आणि कडा गुलाबी.

असं का? थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो. तिथे हवेतला ऑक्सिजन सहज पोचतो आणि लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घेतो. मधल्या खोल भागात ऑक्सिजनची टंचाई असते. म्हणून इलेक्ट्रॉन पुरवायचं काम मधल्या लोखंडाकडे येतं. लोखंड आयन बनून पाण्यात उतरतं, इलेक्ट्रॉन धातूतून कडेला जातात, आणि खारं पाणी दोन्हीकडचा विद्युतभार वाहून नेतं. एक थेंब म्हणजे एक विद्युतघट, बॅटरीचा सेलच! मधून आलेले लोखंडाचे आयन आणि कडेचं अल्क जिथे भेटतात, तिथे तांबड्या गंजाचं कडं तयार होतं. खड्डा मात्र मध्यभागी पडतो. गंज दिसतो एकीकडे आणि लोखंड खाल्लं जातं शेजारी.

त्या खड्ड्यात पुढे आणखी एक भानगड होते. धन भाराच्या लोखंडी आयनांकडे ऋण भाराचे क्लोराइड ओढले जातात. लोखंडाचं क्लोराइड पाण्याशी संयोग पावून हायड्रॉक्साइड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल देतं. आम्ल आणखी लोखंड विरघळवतं, आणि क्लोराइड संपत नाही, मोकळं होऊन पुन्हा कामाला लागतं.

हे कळण्याआधी मी घोडचूक केली होती. चेनकव्हर पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलं आणि वर काळा ऑइलपेंट मारला. दिवाळीपर्यंत रंगाला फोड आले. खड्ड्यांतलं मीठ मी रंगाखाली कोंडून ठेवलं होतं. दोन मिनिटांच्या रीलमध्ये गंजकी सायकल नवीकोरी होते, तिचे असे फोड कुणी दाखवत नाही.

आता पहिलं काम धुणं. विहिरीच्या गोड्या पाण्यात भाग रात्रभर बुडवायचे, पाणी बदलायचं, पुन्हा बुडवायचे. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्यायचं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकायचे. पांढरट गढूळपणा आला तर मीठ शिल्लक आहे.

गंज काढायला लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबातलंच आम्ल, घ्या. आमच्या हँडलला दर अमावास्येला लिंबू-मिरची बांधली जायची. लिंबू सायकलीला उपयोगी आहेच, पण टांगून नव्हे! नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यातून भाग नीट खंगाळा.

मला मात्र विजेची पद्धत प्रिय आहे. प्लास्टिकच्या पिंपात धुण्याचा सोडा विरघळवायचा, बारा व्होल्टच्या चार्जरचं ऋण टोक गंजक्या भागाला, धन टोक साध्या लोखंडी पट्टीला. ऋण झालेला भाग ऋण क्लोराइडला दूर ढकलतो, म्हणजे मीठ बाहेर काढण्याचंही काम होतं. समुद्रातून काढलेलं लोखंड वाचवायला संग्रहालयं हेच तत्त्व वापरतात. अमेरिकेत १८६२ मध्ये बुडालेल्या मॉनिटर या युद्धनौकेचा तोफांचा मनोरा २००२ मध्ये वर काढला आणि वर्षानुवर्षं अल्कधर्मी पाण्यात ठेवला. पट्टी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, विषारी क्रोमियम सुटतं. क्रोमचे भागही त्यात टाकू नका. हायड्रोजन निघतो, तेव्हा काम अंगणातच करा, विडी न ओढता.

पुढच्या चाकाच्या चिमट्याचं क्रोम मी ॲल्युमिनियमच्या फॉइलने घासलं. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो आणि चरा पडत नाही. फ्रेमच्या नळ्यांत उकळलेलं जवसाचं तेल ओतून, फ्रेम फिरवून निथळू दिलं. छर्रे नवे घातले. मडगार्ड दुसरं बघावं लागलं.

पायडलचा दांडा धरून ठेवणारी एक कॉटर पिन अजून हलत नाही. काका रोज सकाळी तिच्यात तेलाचे चार थेंब सोडतात आणि पडवीत जाताना सायकलीवर गोड्या पाण्याचा तांब्या ओतून फडक्याने कोरडी करतात. शेजारचे अजूनही विचारतात, सायकल रोज धुतो म्हणजे गंजणार नाही का?